जगण्याचा मकसद आणि सिव्हिल हॉस्पिटलची रांग

शाळेत वीस-बावीस वर्षं काढली की पालकांचे प्रश्न पाठ होतात. निकालाच्या दिवसांत 'याला आता कुठल्या लाईनला टाकू' हा प्रश्न ठरलेला. पण गेल्या काही वर्षांत आमच्याकडे आणखी एक प्रश्न येऊ लागला आहे आणि तो मुलांचा नाही, मोठ्यांचा आहे. एसटीतून निवृत्त झालेले चाचा, दोन्ही मुलींची लग्नं उरकलेल्या भाभी, बीकॉम होऊन दोन वर्षं घरी बसलेला पोरगा. बोलण्याची पद्धत वेगवेगळी, म्हणणं मात्र एकच. अल्लाहच्या कृपेने खायला-प्यायला आहे, पण दिवस रिकामा जातो. नमाज होते, चहा होतो, मोबाईल होतो आणि संध्याकाळ होते. आपण कशासाठी आहोत, हे काही कळत नाही.

यावर दोन तयार उत्तरं मिळतात. मोबाईलवरचे वक्ते सांगतात, स्वतःवर काम करा, पहाटे उठा, रोज वीस पानं वाचा. जुम्म्याच्या बयानात सांगतात, लोकांची खिदमत करा, सवाब मिळेल. दोन्ही खरं आहे. तरीही दोन्ही ऐकून माणूस पुन्हा कट्ट्यावर येऊन बसतो, हेही खरं आहे. नुसतं स्वतःला घडवत राहिलं तर काही दिवसांनी प्रश्न पडतो की हे सगळं कोणासाठी? आणि अंगात काही हुनर नसताना खिदमतीला निघालं तर कळतं की आपण फक्त गर्दीत भर घालतोय. आमचा अनुभव असा की ही दोन वेगळी कामं नाहीतच. कोणाच्या तरी गरजेसाठी एखादी गोष्ट नीट शिकून घ्यायची, यातच दोन्ही येतं. सुकून त्याच्या मागून येतो, आधी येत नाही.

हजरत जैद यांनी लिपी का शिकली

पहिल्या वहीचा पहिला शब्द 'इक्रा' होता, हे आपल्या घरातलं लहान मूलही सांगतं. त्यापुढची एक गोष्ट मात्र आपण मुलांना फारशी सांगत नाही. हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ.स. ६२४ मध्ये, बद्रची लढाई झाली. मक्केचे काही लोक कैदी म्हणून मदिन्यात आले. सुटकेसाठी फिदया द्यायचा होता. ज्यांच्याकडे पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होतं, त्यांच्यासाठी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वेगळी तोड काढली. त्यांनी मदिन्यातल्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवायचं आणि मोकळं व्हायचं. काल समोर तलवार घेऊन उभा असलेला माणूस, आणि आज त्याच्याकडून पोरांना अक्षरं शिकवून घेतली. शिकवण्याच्या कामाची किंमत एका माणसाच्या सुटकेइतकी धरली गेली. शिक्षकी पेशात असल्यामुळे ही रिवायत आम्हाला जरा जास्तच आवडते, हे कबूल!

त्या काळी लिहायला शिकलेल्या अन्सारी मुलांत हजरत जैद बिन साबित यांचं नाव घेतात. पुढे त्यांच्यावर आणखी एक काम आलं. प्रेषित (स.) यांच्याकडे यहुदी लोकांची पत्रं यायची, ती वाचायला आणि उत्तरं लिहायला आपला भरवशाचा माणूस हवा होता. हजरत जैद यांना ती लिपी शिकायला सांगितलं गेलं आणि रिवायतीनुसार त्यांनी ती पंधरवड्याच्या आसपास शिकून घेतली. हेच जैद पुढे हजरत अबू बक्र यांच्या खिलाफतीत कुरआन एकत्र करण्याच्या कामावर नेमले गेले.

यात घेण्यासारखी बाब ही की हजरत जैद यांनी लिपी हौस म्हणून शिकली नाही. समाजाकडे पत्रं येत होती, ती वाचणारं कोणी नव्हतं, म्हणून शिकली. आता आपल्या मोहल्ल्याकडे बघा. पत्रं आपल्याकडेही येतात. नगरपालिकेची नोटीस येते, तहसीलचं पत्र येतं, बँकेचं येतं, हॉस्पिटलचा कागद हातात पडतो. सगळं सरकारी मराठीत. घरात उर्दू किंवा दखनी बोलणारा, चौथी-पाचवीपर्यंत शिकलेला माणूस तो कागद घडी करून खिशात ठेवतो आणि कोणीतरी 'साक्षर' भेटेपर्यंत फिरत राहतो. तोवर मुदत संपलेली असते.

पैशात पुढे, वेळेत मागे

आपला समाज देण्यात कंजूस आहे असं कोणी म्हणू नये. रमजानमध्ये जकात निघते, फितरा निघतो, रेशनचे किट घरोघर पोहोचतात. उन्हाळ्यात पाण्याची सबील लागते. कोरोनाच्या काळात आपल्या पोरांनी कब्रस्तानात काय काम केलं, ते सगळ्यांनी पाहिलं. पैसा आणि अंगमेहनत यांत आपण मागे नाही.

मागे आहोत ते माहितीत. कोणाला काय लागू होतं, कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा, हे माहीत असलेली माणसं मोहल्ल्यात बोटांवर मोजण्याइतकीच असतात आणि तीही बहुतेक एजंट असतात. पाचशे रुपये घेऊन अर्ज भरणारे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण ती जागा मोकळी सोडली, त्यांनी धरली.

हे किती महाग पडतं, ते हॉस्पिटलमध्ये कळतं. म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

घरात कोणी गंभीर आजारी पडलं की आपली पहिली धाव कुठे जाते? सोन्याकडे. बांगड्या गहाण, मग नातेवाइकांकडे हात, मग मशिदीत जुम्म्यानंतर एलान. पेशंट बरा होऊन घरी येतो, पण घर पुढची पाच वर्षं कर्ज फेडत बसतं आणि त्यात पहिली शाळा सुटते ती मोठ्या मुलीची. आमच्या वर्गातून अशा मुली गेल्या आहेत, म्हणून हे लिहितोय.

त्यातल्या काही घरांना तो पैसा लागलाच नसता. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेबरोबर ती एकत्र चालते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण देते. योजनेत असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. रेशन कार्ड आणि ओळखपत्र घेऊन आधी त्याच्याकडे जायचं. ठरलेल्या यादीतल्या आजारांनाच ती लागू होते, सर्दी-तापाला नाही. आणि ती कॅशलेस आहे. म्हणजे बिल भरून झाल्यावर पावत्या घेऊन गेलात तर उपयोग होत नाही, भरतीच्या वेळीच नोंद व्हावी लागते. आपली माणसं नेमकी इथेच अडकतात. पेशंटला आत नेलं, डिपॉझिट भरलं, तिसऱ्या दिवशी कोणी तरी सांगितलं की 'अरे, योजना होती की!'

दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांना माहीत आहे. मोठमोठी, काचेच्या दारांची, खाजगी वाटणारी बरीच हॉस्पिटलं कागदावर सार्वजनिक ट्रस्ट असतात. अशा धर्मादाय रुग्णालयांना कायद्याने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये यासाठी योजना ठरवून दिली. हॉस्पिटलने आपल्या बिलांच्या रकमेतून २ टक्के वेगळे काढून गरीब रुग्णांचा निधी ठेवायचा, असंही त्यात आहे. तातडीच्या वेळी अशा रुग्णाला डिपॉझिट न मागता आधी दाखल करून घेऊन जीव वाचवण्याचे उपचार करायचे, हेही त्यात आहे. उत्पन्नाची मर्यादा सरकार वेळोवेळी बदलतं, म्हणून चालू आकडा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून किंवा हॉस्पिटलच्या फलकावरून घ्यावा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड सोबत लागतं. आत गेल्यावर बिलिंगच्या खिडकीवर वाद घालायचा नाही. समाजसेवकाचा म्हणजे मेडिकल सोशल वर्करचा टेबल शोधायचा. दाद मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्त किंवा जिल्ह्याचे सहायक धर्मादाय आयुक्त यांच्याकडे लेखी तक्रार करायची.

आता यात भाषेची एक गंमत आहे, आणि गंमत म्हणावी की दुःख, तेच कळत नाही. अर्जावर 'निर्धन' आणि 'दुर्बल' असे दोन शब्द असतात. आपला उर्दू घरातला माणूस 'दुर्बल' वाचून समजतो, कमजोर, म्हणजे पेशंटला अशक्तपणा आहे. तो म्हणतो, हो, आमचा पेशंट फार कमजोर झालाय, आणि त्या रकान्यात खूण करतो. खरं तर त्याच्या उत्पन्नावर तो 'निर्धन' मध्ये बसत असतो. निर्धनला खाट मोफत, दुर्बलला फक्त सवलत. एका शब्दामुळे हजारोंचा फरक. हे समजायला डॉक्टर किंवा वकील व्हावं लागत नाही. मराठी आणि उर्दू दोन्ही येणारा, शेजारी उभा राहणारा एक माणूस पुरतो.

सुरुवातीला ज्या एसटीवाल्या चाचांचा उल्लेख केला, ते पेशाने कंडक्टर होते. तीस वर्षं लोकांशी बोलण्यात गेली, त्यामुळे खिडकीवरच्या माणसाशी आवाज न चढवता कसं बोलायचं, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं येतं. आता ते आठवड्यातून दोन दिवस सिव्हिल हॉस्पिटलला जातात. पहिले दोन-तीन महिने त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, फक्त पाहिलं. केसपेपर कुठे निघतो, रक्ताचे रिपोर्ट किती वाजता मिळतात, एक्स-रेची रांग कधी कमी असते, समाजसेवा अधीक्षक कोणत्या मजल्यावर बसतात. सगळं एका शंभर पानी वहीत. सरकारी मराठीतले अडलेले शब्द ते शाळा सुटल्यावर आमच्याकडे घेऊन यायचे. 'परिशिष्ट म्हणजे काय, साक्षांकित म्हणजे काय.' एकसष्टाव्या वर्षी माणूस शब्दार्थ लिहून घेतोय, हे बघून आमच्या स्टाफरूममधले दोन तरुण शिक्षक जरा गप्प झाले.

त्यांना आता कोणी विचारत नाही की दिवस कसा जातो.

मीठादरचा दवाखाना

अशा कामाचं मोठं उदाहरण पाहायचं तर अब्दुल सत्तार एधी यांचं. त्यांचं नाव आपण कराचीशी जोडतो, पण जन्म १९२८ चा, काठियावाडातल्या बांटवा गावचा, म्हणजे आजच्या गुजरातमधला. मेमन घराणं. शाळेत जाताना आई त्यांना दोन पैसे द्यायची, एक स्वतःसाठी, एक एखाद्या गरजूसाठी. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते वेगळ्याच कारणाने. ते अकरा वर्षांचे असताना आईला अर्धांगवायू झाला. तिला आंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं, हे सगळं त्या पोराने वर्षानुवर्षं केलं. शिक्षण त्यात राहून गेलं. आई गेली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते.

फाळणीनंतर कराचीत फेरीवाल्याचं काम केलं. मग १९५१ मध्ये मीठादर भागात छोटासा दवाखाना उघडला आणि रात्री कोणी आलं तर दार उघडता यावं म्हणून बाहेरच्या बाकावर झोपू लागले. रोग्याची सेवा कशी करतात, हे त्यांना आईने आजारपणात शिकवलं होतं, बाकीचं डॉक्टरांकडून शिकले. १९५७ मध्ये शहरात फ्लूची साथ आली तेव्हा त्यांनी तंबू ठोकले. त्यानंतर एक जुनी गाडी घेतली, ती स्वतः चालवत रुग्ण आणि मय्यत नेऊ लागले. पुढे त्यातून ॲम्ब्युलन्सचं प्रचंड जाळं उभं राहिलं. पत्नी बिल्किस त्यांच्याच दवाखान्यात नर्सिंग शिकायला आल्या होत्या, बाळंतपणाचं आणि टाकून दिलेल्या बाळांचं काम त्यांनी सांभाळलं. केंद्रांच्या बाहेर पाळणे ठेवले, बाळाला मारू नका, इथे ठेवून जा म्हणून. वाट चुकून तिकडे पोहोचलेली, बोलू-ऐकू न शकणारी भारतीय मुलगी गीता त्यांच्याकडेच राहिली आणि २०१५ मध्ये भारतात परतली. बिल्किस यांनी तिच्यासाठी पूजेची सोयही करून दिली होती. एधी २०१६ मध्ये वारले तेव्हा डोळे दान करून गेले.

मोठ्या माणसांची नावं घेतली की वाचणाऱ्याला वाटतं, ते थोर होते, आपलं काय. पण एधींची सुरुवात बघा. घरातल्या एका आजारी माणसाला नीट सांभाळण्यातून ते जे शिकले, तेच त्यांचं भांडवल. आपल्या किती भाभी, किती आपा सासूचं आजारपण पाच-पाच वर्षं काढतात! अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर जखमा होतात, हे त्यांना चांगलं माहीत असतं. शेजारच्या घरात तीच वेळ आली की तिथली सून गोंधळून गेलेली असते. तिला अर्धा तास बसून दाखवणं, एवढंच. पण आपण त्या अनुभवाला इल्म समजतच नाही, 'नशिबाचे भोग' म्हणतो आणि विसरून जातो.

दुसरा रस्ताही आहे, शिक्षणातून आलेला. मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी विलायतेत शिकून १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. मुंबईच्या हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. वकिली जोरात असताना, १८७४ मध्ये, त्यांनी भाऊ कमरुद्दीन, कोकणी व्यापारी नाखुदा मुहम्मद अली रोगे आणि इतरांसोबत अंजुमन-ए-इस्लाम उभी केली. बोरीबंदर स्टेशनसमोरची ती इमारत आजही मुलांनी भरलेली असते. इथे पैसा रोग्यांसारख्यांकडे होता, कायद्याचं आणि इंग्रजीचं ज्ञान तय्यबजींकडे होतं. ज्याच्याकडे जे होतं, ते त्याने टाकलं.

काही इशारे

हे काम करताना काय बिघडतं तेही सांगायला हवं, कारण आम्ही ते बिघडताना पाहिलं आहे.

फोटो. रेशनचं किट देताना काढलेला फोटो पोरांच्या मोबाईलवर फिरतो आणि दुसऱ्या दिवशी घेणाऱ्याची मुलगी वर्गात मान खाली घालून बसते. देणाऱ्याची नियत चांगली असेल, रिया नसेल, तरी त्या मुलीचं जे व्हायचं ते होतं. हॉस्पिटलचं काम तर त्याहून नाजूक. कोणाला कुठला आजार आहे, कोणाचं बाळंतपण कसं झालं, ही अमानत आहे. ती चहाच्या टपरीवर आली की पुढच्या वेळी कोणी मदत मागायला येत नाही.

घर. एक तरुण आमच्या ओळखीचा. सगळ्या मोहल्ल्याचे अर्ज भरतो आणि त्याच्या अम्मीची बीपीची गोळी महिनाभर आणलेली नसते. बाहेर 'भाई भाई' म्हणतात त्याची नशा वेगळीच असते. पण हक्काची माणसं आधी, हा दीनचाच क्रम आहे.

आणि तिसरं, झेपेल एवढंच. रमजानमध्ये रोज आणि ईदनंतर गायब, यापेक्षा आठवड्यातून एक तास आणि तोही वर्षभर, हे बरं. थोडं पण सातत्याने केलेलं काम अल्लाहला प्रिय आहे, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. लोकांना भरवसा वाटतो तो ठरलेल्या वेळेचा. गुरुवारी असरनंतर अमुक भाभी घरी असतात आणि कागद वाचून देतात, एवढं मोहल्ल्याला कळलं की पुरे.

आधी स्वतःची दहावी

आता त्या भाभींविषयी, कारण आमच्या मते सगळ्यात जास्त वाया जाणारी ताकद तीच आहे. सातवी-आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, मुलं वाढवली. आता चाळिशीत घर शांत आहे. हुशारी कुठे गेलेली नाही, महिन्याचा हिशोब तोंडपाठ असतो. पण 'आम्ही कुठे शिकलेल्या' या एका वाक्याने त्या प्रत्येक दारातून मागे फिरतात.

अशा बाईला कोणी म्हटलं की लोकांना मदत करा, तर ती हसते. तिला आधी स्वतःच्या नजरेत उभं राहायचं असतं. त्यासाठी रस्ता आहे आणि तो फार खर्चिकही नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावी शाळेत न जाता देता येते. त्याला सगळे '१७ नंबर फॉर्म' म्हणतात. खाजगी विद्यार्थी म्हणून ऑनलाईन अर्ज करायचा, जवळची शाळा केंद्र म्हणून मिळते, पेपर नेहमीच्या मुलांबरोबर फेब्रुवारी-मार्चमध्ये. उर्दू माध्यमातून देता येतो, मराठीतूनही. पास व्हायला प्रत्येक विषयात ३५. एखादा विषय राहिला तर पुरवणी परीक्षा असते, सगळं पुन्हा द्यावं लागत नाही. गणिताची फारच भीती असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची, दहावी आहे. तिथे विषय निवडता येतात, गणित सक्तीचं नाही आणि परीक्षा वर्षातून दोनदा होतात. वयाची वरची मर्यादा नाही. बारावी झाली की नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच, १९८९ पासून घरी राहून शिकणाऱ्यांसाठीच चालतं.

सल्ला एकच. उर्दू माध्यमातून देणाऱ्यांनीही मराठीचा पेपर जीव लावून करावा. पास होण्यापुरता नको. नोटिसा, दाखले, केसपेपर, सगळं याच भाषेत येणार आहे.

फॉल-पिकोचं काम करणाऱ्या एक भाभी आमच्याकडे दीड वर्ष रात्री इशानंतर यायच्या. त्यांची मुलगी नववीत, तीच आईचा अभ्यास घ्यायची आणि शुद्धलेखनाला लाल शाई लावायची. नवऱ्याने आधी कुरकुर केली, 'या वयात कशाला', मग परीक्षेच्या दिवशी तोच स्कूटरवर सोडायला आला. ४९ टक्के मिळाले. आमच्या शाळेच्या इतिहासात ९४ टक्केवाल्या मुली आहेत, पण पेढे इतके कोणी वाटले नव्हते. आता शाळेत प्री-मॅट्रिक, पोस्ट-मॅट्रिक कुठल्याही शिष्यवृत्तीची किंवा आरटीईची सूचना लागली की त्या गल्लीतल्या आयांना बोलावून कागद गोळा करून घेतात. पहिल्याच वर्षी एका मुलाच्या बँक खात्याला आधार जोडलेला नव्हता, ते त्यांनी महिनाभर आधी पकडलं. आमच्या क्लार्कच्याही लक्षात आलं नव्हतं. या वर्षी त्यांच्याबरोबर आणखी दोघी दहावीला बसणार आहेत. एक त्यांचीच जाऊ.

१७ नंबरचे अर्ज साधारण पावसाळ्यात सुरू होतात, विलंब शुल्कासह नंतरही काही दिवस घेतात. तारखा मंडळाच्या संकेतस्थळावर किंवा जवळच्या कुठल्याही हायस्कूलच्या ऑफिसात कळतात. अडतं ते बहुतेक एकाच कागदापाशी, शाळा सोडल्याच्या मूळ दाखल्यापाशी. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सोडलेल्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधून नाव शोधावं लागतं, माहेरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, कधी जन्मतारीखच वेगळी निघते. त्यामुळे अर्ज सुरू व्हायची वाट न बघता दाखल्याचं काम आत्ताच हाती घ्या, आणि माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर पुढच्या फेरीत लग्नाआधीचं रेशन कार्ड आणि भावाला सोबत घेऊन शाळेत जा.